हीट पंप गीझर घ्यावा का? आधी घरातल्या बादल्या मोजा!

थंडीची चाहूल लागली की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जाहिरात फिरू लागते. ‘गरम पाण्याच्या खर्चात ७५ टक्के बचत. ढगाळ हवेतही चोवीस तास गरम पाणी.’ सोबत पुरुषभर उंचीच्या पांढऱ्या टाकीचा फोटो. किंमत मात्र लिहिलेली नसते, त्यासाठी फोन करायचा.

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त काकांनी हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘८५ हजार सांगतोय. एफडी मोडून घेऊ का?’ मी नको म्हणालो. त्याच महिन्यात नाशिकच्या आतेभावाचा फोन आला. त्याचं घर मोठं, माणसं सात. त्याला मी म्हणालो, जरूर घे. यंत्र तेच, सल्ला उलटा. असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण येत्या काही वर्षांत हा प्रश्न बऱ्याच घरांत येणार आहे आणि विकणारा माणूस तुमच्या घरातल्या बादल्या मोजत बसणार नाही.

हे यंत्र करतं तरी काय?

फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघा, गरम लागतं. फ्रिज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. हीट पंप हेच काम उलट्या हेतूने करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता उपसतो आणि टाकीतल्या पाण्यात सोडतो. कॉम्प्रेसर तोच, गॅस फिरवणाऱ्या नळ्या त्याच, पंखा तोच. एसीचं बाहेरचं युनिट पाण्याच्या टाकीला जोडलंय असं समजा.

साधा गीझर एक युनिट विजेची एक युनिट उष्णता करतो. त्यापेक्षा जास्त करणं कॉइलला शक्यच नाही. हीट पंप मात्र एक युनिट वीज कॉम्प्रेसर फिरवायला घेतो आणि हवेतून आणखी दोन युनिट उष्णता ओढून आणतो. पाण्याला मिळतात तीन. यात जादू काही नाही. वीज इथे उष्णता तयार करायला नाही, तर वाहून आणायला वापरली जाते.

हवा जितकी उबदार, तितकं हे वाहून आणणं सोपं. हवा दमट असेल तर आणखी चांगलं, कारण थंड नळ्यांवर बाष्पाचं पाणी होताना तीही उष्णता यंत्राला मिळते. म्हणजे मुंबई-कोकणची हवा हीट पंपासाठी उत्तम. गंमत अशी की तिथेच गरम पाणी सगळ्यात कमी लागतं आणि घरंही सगळ्यात लहान. नाशिक, महाबळेश्वरला ते जास्त लागतं, पण डिसेंबरातल्या पहाटे हवाच दहा अंशांवर असते आणि यंत्राला धाप लागते.

मग ७५ टक्के कशाचे?

तीनपट काम झालं तर बचत ६७ टक्के, चारपट झालं तर ७५. जाहिरातीतला आकडा हा चारपटीचा आहे. तो उबदार हवेत, पाणी फार कडक न तापवता मिळू शकतो. थंडीत पाणी साठ अंशांपर्यंत न्यायचं ठरवलं तर तीनपटीच्याही खाली येतो. शिवाय ही बचत फक्त पाणी तापवण्याच्या विजेवर असते, पूर्ण बिलावर नाही. पंखे, फ्रिज, टीव्ही, एसी तसेच चालू राहणार.

त्यामुळे खरा प्रश्न टक्क्यांचा नाहीच. तुमच्या घरात पाणी तापवायला मुळात किती वीज लागते, हा आहे. हे घरबसल्या काढता येतं. शाळेत शिकलो तेवढंच गणित लागतं. एक युनिट विजेत ८६० किलोकॅलरी, म्हणजे साधारण ४३ लिटर पाणी २० अंशांनी तापतं. आपली आंघोळीची बादली वीस लिटरची. नळाचं पाणी हिवाळ्यात वीस अंशांवर असेल आणि आंघोळीला चाळीस लागत असेल, तर एका बादलीला जेमतेम अर्धा युनिट.

आता काका-काकूंचा हिशेब. रोज दोन बादल्या, म्हणजे एक युनिटही नाही. गीझरच्या टाकीत उरून गार होणारं पाणी धरलं तर सव्वा. उन्हाळ्यात गीझर जवळपास बंद. वर्षाचे तीनशे युनिट धरू. त्यांचा वापर खालच्या टप्प्यांतला, तरी १० रुपये दर धरला तर वर्षाला तीन हजार रुपये. हीट पंपाने त्यातले फार तर दोन हजार वाचतील. उलट ८५ हजारांच्या एफडीवर सात टक्क्यांनी वर्षाला सहा हजारांच्या आसपास व्याज येतं. म्हणजे व्याजातूनच दोघांचं वर्षभराचं गरम पाणी निघतं आणि वर जवळपास तीन हजार उरतात. काकांना एवढंच सांगितलं. एफडी शाबूत आहे.

चौकोनी कुटुंबाचं काय?

टू बीएचके, चार माणसं, बादलीनेच आंघोळ. हिवाळ्यात रोज अडीच युनिट, इतर महिन्यांत त्याच्या निम्मे. वर्षाचे साधारण ६४० युनिट होतात. इथे दर नीट धरायला हवा, कारण बहुतेक जण बिलाला युनिटने भागून सरासरी काढतात आणि फसतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: शंभर युनिटपर्यंत, मग तीनशे, मग पाचशे, मग पुढे. वाचतात ते नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातले, म्हणजे सगळ्यात महागडे युनिट. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्कही वाचतं. बिल हातात घ्या, शेवटच्या टप्प्याचा दर बघा आणि त्यात हे सगळं मिळवा.

मी १२ रुपये धरतो. ६४० युनिटचे ७,६८० रुपये. हीट पंप एवढंच पाणी अडीचशे-पावणेतीनशे युनिटमध्ये तापवेल. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडं जास्त धरलंय, कारण मोठ्या टाकीतून चोवीस तास थोडी उष्णता झिरपतच असते. वाचले साडेचार हजार. साध्या गीझरपेक्षा ऐंशी हजार जास्त मोजले असतील तर ते वसूल व्हायला सतरा-अठरा वर्षं. एवढा काळ यंत्र टिकेल, असं मला तरी वाटत नाही.

शॉवर वापरत असाल तर चित्र बदलतं. मिनिटाला आठ लिटरचा शॉवर सहा मिनिटं चालला की ४८ लिटर, म्हणजे अडीच बादल्या झाल्या. मुलं कॉलेजला असतील तर सहा मिनिटांवर भागत नाही, हे मी वेगळं सांगायला नको. पण खरं सांगू का, अशा घरात पहिला उपाय पाणी कमी सोडणारा शॉवर बसवणं हा आहे. तो लाखाचा नसतो.

फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे?

हा भाग विक्रेते सर्वात घाईत उरकतात. दोनशे लिटरची टाकी भरल्यावर तिचं वजन पावणेतीनशे-तीनशे किलोंच्या घरात जातं. ती बाथरूमच्या माळ्यावर जात नाही, भिंतीला टांगता येत नाही. ड्राय बाल्कनीत ठेवायची तर तिथे वॉशिंग मशीन आहे. फ्रिजपेक्षा मोठा, एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा आवाज येतो. बेडरूमच्या खिडकीशेजारी तो रात्री खुपतो. शेजाऱ्यांनाही खुपतो आणि मग सोसायटीच्या सभेत विषय निघतो. शिवाय एसीसारखं यातूनही पाणी ठिबकतं, त्याला वाट काढावी लागते.

त्यापुढची अडचण नळांची. आपल्या फ्लॅटमध्ये प्रत्येक बाथरूमला वेगळा गीझर असतो. गरम पाण्याची एक लाइन घरभर फिरवलेली नसते. एका टाकीतून दोन बाथरूम आणि स्वयंपाकघराला पाणी द्यायचं तर टाइल्स फोडायच्या. हा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही. लाइन लांब असेल तर नळ सोडल्यावर आधी पाइपातलं गार पाणी येतं. अर्ध्या इंची पाइपात दहा मीटरला जवळपास दोन लिटर, आणि गच्चीवरून पाऊण इंची पाइप वीस मीटर खाली आणला तर सहा लिटर. सोलरवाल्या इमारतींत खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे माहीत आहे. सकाळी बादलीभर गार पाणी सोडल्याशिवाय गरमचा पत्ता नसतो.

थोडक्यात, तयार फ्लॅटमध्ये हा खटाटोप करू नये, असं माझं मत आहे. बांधकाम चालू असेल आणि बिल्डर ऐकत असेल तर गोष्ट वेगळी.

नाशिकला काय झालं?

आतेभावाच्या घरी आई-वडील, दोघं भाऊ, वहिन्या आणि एक मुलगी. तीन बाथरूम, तीन गीझर, सगळीकडे शॉवर, स्वयंपाकघरात भांड्यांनाही गरम पाणी. मिळून रोज तीनशे लिटर. त्यांचा वर्षाचा हिशेब २,२०० युनिटच्या आसपास निघाला. वरच्या टप्प्याचा दर त्यांना १५ रुपये पडतो, म्हणजे नुसतं पाणी तापवायला ३३ हजार रुपये. हीट पंपाला आठशे युनिट धरले, वाचले एकवीस हजार. यंत्र आणि नळकाम मिळून १ लाख ६० हजार. पावणेआठ वर्षांत वसूल. तीच खोली नव्याने बांधत असता आणि तीन गीझर घ्यायचे वाचले असते, तर सहा वर्षांत.

इथवर सगळं कागदावर होतं. बसवणाऱ्या माणसाने यंत्र जिन्याखालच्या कोठीत ठेवलं. जागा होती, नजरेआड होती, वहिनीही खूश. महिन्याभरात तक्रार सुरू झाली: पाणी तापायला सहा-सात तास लागतात आणि कोठीत गहू ठेवलाय तिथे गारठा पडलाय. कारण साधं होतं. यंत्र त्या बंद कोठीतल्याच हवेतली उष्णता उपसत होतं आणि तीच गार झालेली हवा पुन्हा आत ओढत होतं. पाणी पुरेना तसं आतलं मदतीचं विजेचं कॉइल आपोआप चालू होई. म्हणजे लाखभर रुपये देऊन पुन्हा गीझरच वापरणं चाललं होतं. बिल जवळपास पूर्वीइतकंच आलं.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा सल्ला असा आहे की, अशा यंत्राभोवती किमान २८ घनमीटर हवेची जागा हवी. आपल्याकडे दहा बाय दहाची, दहा फूट उंच पूर्ण रिकामी खोली जेमतेम तेवढी भरते. जिन्याखालची कोठी तिच्या पाव हिश्श्याचीही नव्हती. शेवटी यंत्र मागच्या पडवीत हलवलं, छताखाली पण उघड्या हवेत. मदतीचं कॉइल बंद करून ठेवलं, फक्त पाहुणे आले तर लावायचं. पुढचं बिल उतरलं.

दुसरी सुधारणा फुकटातली होती: टायमर. पूर्वी यंत्र पहाटे चार वाजता लागायचं, दिवसातली सगळ्यात थंड हवा तेव्हाच. आता अकरा ते तीन चालतं. दुपारची हवा पंधरा अंशांनी उबदार असते, तेवढंच पाणी कमी विजेत तापतं आणि टाकीचं आवरण चांगलं असल्याने सकाळपर्यंत गरम राहतं. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर दरात सवलतही आहे. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर वीज घरचीच. एक मात्र पाळायचं: टाकी कायम चाळीस-पंचेचाळीस अंशांवर ठेवून देऊ नये. साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात. अधूनमधून साठ अंशांपर्यंत तापू द्यावी.

गॅस आणि सोलरशी तुलना कोणी करत नाही

जाहिरातीत तुलना नेहमी विजेच्या गीझरशी असते. पण आपल्याकडे किती घरांत गॅस गीझर आहे बघा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटइतकी उष्णता असते. त्यातली ८० टक्के पाण्याला मिळाली तर १४५ युनिट. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर एक युनिट उष्णता सव्वासहा रुपयांना पडली. विजेच्या गीझरवर तीच १२ रुपयांना, हीट पंपावर साडेचार-पाचला. म्हणजे गॅसवरून हीट पंपाकडे जाऊन पैसे वाचतात ते अगदी थोडे.

गॅस गीझर बदलायचं कारण पैसा नाही, जीव आहे. बंद बाथरूममध्ये लावलेला गॅस गीझर कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्याने गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातही आल्या आहेत. तुमचा गीझर बाथरूमच्या आत असेल तर हीट पंपाचा विचार नंतर करा, आधी तो बाहेर काढा. आजच.

आणि सोलर? स्वतःची गच्ची आहे, ऊन अडवणारी इमारत शेजारी नाही, तर सौर बंब अजूनही सगळ्यात स्वस्त. पावसाळ्यात तो हात वर करतो, तेवढ्यापुरता साधा गीझर पुरतो. हीट पंपाची जागा तिथे आहे जिथे गच्चीवर सावली असते किंवा गच्ची आपली नसते, पण खाली अंगण-पडवी असते. गच्ची असेल आणि लाखभर रुपयेच असतील तर मी आधी वीज करणारे सौर पॅनेल लावीन. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. ती वीज पाणी तापवण्यापलीकडेही घरभर वापरता येते.

न्यू जर्सीचा भाचा काय म्हणतो ते राहू द्या

परदेशातल्या नातेवाइकांकडून हीट पंपाचं कौतुक ऐकलं असेल. ते खोटं नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये असा नियम झाला की २०२९ पासून बहुतेक नेहमीच्या आकाराचे विजेचे साठवण गीझर हीट पंपाचेच असावेत. जपानमध्ये तर कार्बन डायऑक्साइडवर चालणारे घरगुती हीट पंप २००१ पासून विकले जात आहेत. पण भाच्याच्या तळघरात दोनशे लिटरची टाकी वर्षभर, दिवसरात्र गरम असते. आंघोळ, कपडे, भांडी, सगळं तिच्यावर. तो इतकं गरम पाणी वापरतो की बचतही मोठी होते. आपण बाथरूममध्ये शिरण्याआधी दहा मिनिटं बटण दाबतो आणि बाहेर आलो की आईची हाक येते, ‘गीझर बंद केलास का?’ या सवयीनेच आपली निम्मी बचत आधी झालेली आहे.

पाणी आणि समुद्र

बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा थर कुठल्याही टाकीत जमतो. साधा गीझर पाच-सहा वर्षांत गेला तर आठ-दहा हजार गेले, म्हणून सोडून देतो. लाखाची टाकी गळली तर तसं सोडता येत नाही. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, गंज टाकीऐवजी तिला लागावा म्हणून. ती दोनेक वर्षांनी तपासून, झिजली असेल तर बदलावी लागते. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनाऱ्याला दुसराच शत्रू: खारी हवा. ती एसीच्या बाहेरच्या जाळीचं जे करते तेच इथेही करते. जाळीवर गंजरोधक लेप आहे का, हे लेखी विचारा.

विचारायचं आणखी काही आहे. सांगितलेली बचत किती अंश हवेला आणि किती अंश पाण्याला मोजली? कॉम्प्रेसर, टाकी आणि सुट्या भागांची हमी वेगवेगळी किती वर्षांची? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या गावात हे दुरुस्त करणारा माणूस आहे का? गीझरचं कॉइल कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन बदलतो. हीट पंपात गॅस भरायला एसीवाला लागतो, आणि तो हात लावायला तयार हवा. पुणे-नाशकात प्रश्न नाही. तालुक्याच्या गावी आधी चौकशी करा, कारण थंडीत यंत्र बंद पडलं आणि माणूस जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायचा असेल, तर आठ दिवस चुलीवर पाणी तापवावं लागेल.

आतेभावाची खरी परीक्षा दिवाळीत झाली. नरकचतुर्दशीला घरात चौदा माणसं, सगळ्यांना पहाटे पाचलाच अभ्यंगस्नान. दोनशे लिटरची टाकी ५५ अंशांवर असेल तर गार पाणी मिसळून चौदा-पंधरा बादल्या निघतात. पुढची टाकी तापायला चार तास. आत्याने आदल्या रात्रीच सगळ्यांना बजावलं, शॉवर नाही, बादली. तरीही माळ्यावरचा तांब्याचा बंब काढून, चिंच लावून घासून, अंगणात पेटवलाच. म्हणाली, तुमच्या यंत्राचं तुम्ही बघा.